बांधातला डोंगर

भूकरमापक म्हणून अठ्ठावीस वर्षं काढल्यावर विश्राम धुमकला मातीला प्रश्न विचारायचं काम मिळालं. तोवर त्यानं जमिनीच्या फक्त कडा पाहिल्या होत्या. हद्द कुठून कुठं जाते, कुणाचा दगड कुणी सरकवला, एवढंच त्याला कळत असे. जमिनीच्या पोटात काय आहे हे विचारायची सोय नव्हती. आता ती झाली होती. सरकारी कागदात त्या यंत्राला 'मृदासाक्ष यंत्र' म्हणत. विश्रामच्या गावची, तळेकोंडातली, माणसं त्याला नाकाडं म्हणत, कारण त्याची लांब पोलादी नळी जमिनीत खुपसली की ते डुकरासारखं माती हुंगत बसायचं.

डिसेंबरातल्या त्या आठवड्यात विश्राम ते नाकाडं पाठीवर घेऊन भेकराच्या डोंगरावर चढत होता. खरं तर स्वतःच्या गावात नेमणूक घ्यायची नाही असा नियम होता. पण यंत्र चालवता येणारी माणसं जिल्ह्यात तीनच, आणि त्यातला एक आजारी. त्यामुळे साहेबांनी फाईल त्याच्याकडे सरकवली होती.

डोंगरावर पायथ्याच्या कातकरवाडीनं हक्क सांगितला होता. बावीस घरं. त्यांच्या बाजूनं बोलायला सोमी हिलम पुढं असायची. पंचेचाळिशीची, काटक, जिभेनं तिखट. तपासणीसाठी वाडीतल्या प्रत्येकानं छोट्या बाटलीत थुंकायचं होतं. सोमीनं बाटली हातात धरून विचारलं होतं, "मोजणीसाहेब, आजवर लोक आमच्यावर थुंकले. आता आमची थुंकी सरकारला कशाला हवी झाली?"

विश्रामला उत्तर सुचलं नव्हतं. बायामाणसांशी, किंबहुना कुठल्याही माणसांशी, बोलताना त्याची जीभ जड व्हायची. घरी पुस्तकांचं कपाट होतं, तिथं त्याचं बरं चालायचं. मग घरी जाऊन त्यानं ते उत्तर मनातल्या मनात चांगलं लांबलचक दिलं होतं.

ते उत्तर असं होतं. माणूस जमिनीवर राबतो तेव्हा त्याचा घाम, कातडीचे कण, काट्यानं काढलेलं रक्त मातीत पडतं. त्यातले गुणसूत्रांचे तुकडे पाण्यापावसात वाहून जातील असं वाटतं, पण जात नाहीत. चिकणमातीचे कण त्यांना धरून ठेवतात, आणि आपल्या तांबड्या मातीतलं लोह तर त्यांना सोडतच नाही. शे-दीडशे वर्षांनीही ते तुकडे वाचता येतात. आज जिवंत असलेल्या माणसांच्या थुंकीशी ते ताडून पाहिले की कळतं, इथं कुणाची आजी राबली आणि कुणाचा खापरपणजोबा. राहिला प्रश्न कधी राबली याचा. त्यालाही उत्तर होतं. वाळूचा कण अंधारात गाडला गेला की भोवतालच्या मातीतला सूक्ष्म किरणोत्सार त्याच्यात थोडाथोडा साठत जातो. कणाला पुन्हा ऊन लागलं की ते सगळं रिकामं होतं आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. म्हणजे प्रत्येक कणाला विचारता येतं, बाबा रे, तू शेवटचं ऊन कधी पाहिलंस?

या शोधावर भूसाक्ष कायदा उभा राहिला होता. जिथं कागद नाही, किंवा कागद कुणी लिहिला याबद्दलच शंका आहे, तिथं मातीची साक्ष अंतिम. ज्याच्या तीन पिढ्या मातीत सापडतील, जमीन त्याची. कायद्याची प्रस्तावना विश्रामनं तीनदा वाचली होती, आणि तिसऱ्यांदा वाचताना चष्मा काढून पुसला होता. पिढ्यान् पिढ्या ज्यांना लिहिता आलं नाही, त्यांची सही मातीनं सांभाळून ठेवली होती.

डोंगरावर त्यानं चौदा ठिकाणी नळी घातली. शेवटची चार ठिकाणं जुन्या वाडीच्या सपाटीवर. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीपर्यंत कातकऱ्यांची घरं वर तिथंच होती, मग ती खाली पायथ्याशी आणली गेली.

सोमी शेजारी उकिडवी बसून पडद्याकडं बघत होती. पडद्यावर किंजळीचं झाड उमटलं, ऐनाचं उमटलं, भेकर, साळिंदर, रानमांजर. माणूस एकही नाही.

"काय म्हणतंय?"

"इथली वरची माती कोवळी आहे. फार तर तीस-पस्तीस वर्षांची. खाली लगेच कातळ. माणूस सापडत नाही."

"नाय सापडत? माझी आजी या चुलीवर..." तिनं हातानं चुलीची जागा दाखवली. तिथं आता कुड्याचं झुडूप होतं. "माझी आई हितं जन्मली, साहेब. नाळ हितं पुरली."

"तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही."

"तुमी नाय, नाकाडं म्हणतंय."

तिनं जमिनीवर हात आपटला. मग उठून, मागं न बघता, उतरून गेली.

साक्ष सापडली नाही तर जमीन 'निःसाक्ष' ठरायची आणि सरकारकडं जायची. पुढचं सगळ्यांना माहीत होतं. एका कंपनीचा अर्ज आधीच येऊन पडला होता. कंपनी हवेतला कार्बन झाडांत साठवून तो विकायची. त्यासाठी भेकराच्या डोंगरावरचं सरमिसळ रान काढून एकाच जातीची झाडं ओळीनं लावायची होती, कारण ओळीतली झाडं उपग्रहावरून नीट मोजता येतात. भोवती कुंपण येणार होतं. कंद, मध, खेकडे, सरपण सगळं कुंपणाच्या आत. बावीस घरं बाहेर.

दुसऱ्या दिवशी गावातल्या भातशेतांची पाळी होती. डोंगराखालच्या पायऱ्यापायऱ्यांच्या अकरा कुणग्यांचे, म्हणजे भातखाचरांचे, वेगवेगळे खातेदार ठरलेलेच होते, पण नोंद पक्की करण्यासाठी प्रत्येकात एकदा नळी घालायची होती. पहिलाच कुणगा विश्रामच्या घरचा. सातबाऱ्यावर त्याचं आणि थोरल्या बहिणीचं, वनिताचं, नाव. कसायची वनिताच. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली होती. त्याआधीही, आई गेली तेव्हापासून, लग्न लांबवून तिनंच विश्रामला वाढवलं होतं. भात काढून तिनं वाल पेरला होता आणि तो फुलावर होता.

"वालात पाय घालू नको," ती लांबूनच ओरडली. "तुझं काय हुंगायचं ते बांधावरून हुंग."

नियमानं नमुना शेताच्या मध्यातून घ्यायचा. बांध ही हद्द, हद्दीची साक्ष काढत नाहीत. पण वनिताशी वाद घालून विश्राम आयुष्यात कधी जिंकला नव्हता. त्यानं नळी बांधात घातली.

यंत्र नेहमीपेक्षा जास्त वेळ हुंगत राहिलं. मग पडद्यावर पिवळी पट्टी आली. 'विसंगत नमुना. नोंदीत घेऊ नये.'

विश्रामनं पट्टी बाजूला सारून आतले आकडे उघडले. बांधाच्या त्या थरानं शेवटचं ऊन पाहिलं होतं अडतीस वर्षांपूर्वी. त्यात एका बाईच्या खुणा होत्या. सोमी हिलमच्या चार पिढ्या मागची बाई. मरून शंभर वर्षं झालेली बाई अडतीस वर्षांपूर्वी बांधावर घाम गाळत होती. यंत्राला हे पटेना, म्हणून त्यानं नमुना टाकून दिला होता. पण त्याच थरात किंजळ होती. ऐन होता. भेकर होतं. चुलीची राख होती. भाताच्या बांधात किंजळ?

विश्राम नळी धरून उभा राहिला, आणि त्याला आठवलं.

शिमगा झाला की बांधांना भर घालायचे. पावसानं खचलेले बांध नव्या मातीनं वर घ्यायचे, गावाची जुनी रीत. माती आणायची डोंगरावरून. आणि डोंगरावर सगळ्यांत मऊ, काळी, चिकट माती होती जुन्या कातकरवाडीच्या सपाटीवर, पिढ्यान् पिढ्यांच्या चुलींची राख मुरलेली. घरं खाली आल्यावर गावानं ती सपाटी वर्षानुवर्षं खरवडली, पार कातळ लागेपर्यंत. चौदा वर्षांचा विश्राम स्वतः घमेलं घेऊन त्या उतारावरून पळाला होता. पुढं वनिता, डोक्यावर दोन घमेली एकावर एक.

डोंगरानं खोटी साक्ष दिली नव्हती. गावानं साक्षीदारालाच उचलून खाली आणलं होतं.

जेवताना त्यानं वनिताला सांगितलं. ती तांदळाची भाकरी तव्यावर फिरवत होती. हात थांबले नाहीत.

"म्हणजे आपल्या बांधात त्यांची म्हातारी हाय म्हणतोस."

"पाचसहा तरी असतील. बाकीच्या बांधांतही असणार."

"कुनाला बोललास?"

"नाही."

"मग नको बोलू."

"ताई, यंत्रानं नमुना टाकला कारण त्याला भर घालायची रीत माहीत नाही. ती मला माहीत आहे. मी बोललो नाही तर..."

"तुला खोटं बोल म्हटलं मी?" तिनं भाकरी त्याच्या ताटात टाकली. "नुसता गप ऱ्हा. ते तर तुला जन्मापासून येतं."

विश्रामनं भाकरीचा तुकडा मोडला. मग तिचा आवाज उतरला.

"हे बघ, आज बांधात सापडली म्हणून डोंगर मागतील. दे त्यांना, माझं काय जातं? पण उद्या कुनी शानं म्हणंल, बांधात सापडली म्हंजे शेतच त्यांचं. तुझा कायदा काय म्हणतो? ज्याची म्हातारी त्याची माती. म्हणतो ना? मग मी कुठं जाऊ? तुझ्या त्या पुस्तकांच्या खोलीत?"

"कायद्यात तसं होणार नाही."

"होनार नाय, का होऊ शकत नाय?"

त्यानं कलमं आठवून पाहिली. हलवलेल्या मातीबद्दल कायद्यात एक अक्षर नव्हतं. लिहिणाऱ्यांनी माती हलते हे धरलंच नव्हतं.

"सांगता येत नाही," तो म्हणाला.

"बघ," वनिता म्हणाली आणि चुलीकडं वळली.

दोन दिवस त्यानं काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी तो कातकरवाडीत गेला. सोमीनं त्याला दारातल्या दगडावर बसवलं, कोरा चहा दिला. ती कालच्या खेकड्यांबद्दल बोलली, सुनेच्या बाळंतपणाबद्दल बोलली. निकाल कधी लागेल, तिनं विचारलं. महिन्याभरात, तो म्हणाला. चहा संपला. सांगायचं ते त्याच्या ओठांवर तीनदा आलं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुमची म्हातारी माझ्या घरच्या बांधात आहे? मीच वाहून आणली? त्याला वाटलं, तोंडानं नीट जमणार नाही. हे लिहिलं पाहिजे.

त्यानं ते लिहिलं, आणि उत्तम लिहिलं. चार पानांचं टिपण. भर घालण्याची रीत, जुन्या वाडीची सपाटी, कणांचं वय आणि खुणांचं वय यातला फरक, बांधात सापडलेली रानातली झाडं. शेवटी स्पष्ट शिफारस होती, अकरा कुणग्यांच्या बांधांतून नव्यानं नमुने घ्यावेत, आणि किमान तीन वेगवेगळ्या शेतांत, भर घातल्यापासून न हललेल्या थरांत, अशा खुणा मिळाल्या तर डोंगराचा हक्क वाडीकडं जावा. शेतांच्या हक्काला धक्का लागू नये असंही एक वाक्य त्यानं घातलं, बहिणीसाठी. टिपण कार्यालयाला पाठवलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. कितीतरी दिवसांनी तो वामकुक्षीला आडवा झाला आणि त्याला झोप लागली.

उठला तेव्हा साहेबांचा होकार आला होता. फोनवर नोटीसही आली होती. शिफारस मंजूर झाली की कार्यालयातलं यंत्र आपोआप नोटिसा काढून संबंधित खातेदारांना पाठवतं. विश्राम कुणग्याचा खातेदार, म्हणून त्यालाही आली. 'आपल्या बांधातून पाचव्या दिवशी सकाळी नमुना घेण्यात येईल.' मजकूर नेटका होता. त्यानं तो दोनदा वाचला आणि त्याला बरं वाटलं.

मधले चार दिवस त्याला दुसऱ्या तालुक्यात काम होतं. वनितानं फोन केला नाही. त्यानंही केला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी तो नाकाडं घेऊन कुणग्यांच्या वाटेला लागला, आणि वळणावर थबकला. समोरची जमीन त्याला ओळखू येईना. पायऱ्या दिसत नव्हत्या. एक कुणगा दुसऱ्यात उतरला होता, दुसरा तिसऱ्यात, सगळं मिळून एक लालभडक उतार झाला होता. वालाची झाडं मुळांसकट लोळत होती. सर्वांत वरच्या कुणग्यात माणसांची रांग लागली होती. दोघे फावड्यानं बांध तोडत होते, बाया घमेली डोक्यावर घेत होत्या, आणि रांग खाली खाडीकडं जात होती. तिथं प्रत्येक घमेलं पाण्यात पालथं होत होतं. खाडीचं पाणी पार मध्यापर्यंत तांबडं झालं होतं.

कडेला बाकीच्या कुणग्यांच्या खातेदारांसोबत वनिता उभी होती. पदर कमरेला, तोंड मातीनं माखलेलं.

"जेसीबी उतरत नाय कुनग्यात," ती म्हणाली, जणू त्यानं तेच विचारलं होतं. "म्हणून चार दिवस लागले. चहा घेतलास?"

"ताई, पावसात शेत राहणार नाही. सगळी माती खाडीत जाईल."

"ठाऊक हाय."

"मग?"

"पुन्हा घालू बांध. नवीन, कुनाची म्हातारी नसलेला. बाबांनी घातलेला होता हा. मी पयलं फावडं कसं मारलं ते माझं मला ठाऊक. तू गप ऱ्हायला असतास तर..."

विश्रामला कायदा पाठ होता. स्वतःच्या शेताचा बांध मोडायला कुणालाही परवानगी लागत नाही.

मग त्यानं रांगेकडं नीट पाहिलं. घमेली वाहणाऱ्या बाया कातकरवाडीच्या होत्या. गावात मातीकामाला पूर्वीपासून त्यांनाच बोलावत. सोमी परत येत होती, रिकामं घमेलं काखेत, डोक्यावर चुंबळ.

"मोजणीसाहेब! आज कुठं हुंगणार? नाक घालायला जागाच नाय ठेवली."

"सोमीबाई, थांबवा हे," तो म्हणाला. "ही माती तुमच्या जुन्या वाडीची आहे. भर घालायला खाली आणलेली. तुमची माणसं डोंगरात नाही सापडली, ती या बांधांत आहेत. हा तुमचा पुरावा आहे."

सोमी उभी राहिली. मागची बाई येऊन तिच्यामागं थांबली, तिच्यामागं तिसरी. सोमीनं खाडीकडं पाहिलं, मग आपल्या हातांकडं.

"कधी कळलं तुमाला?"

"बारा दिवस झाले."

"म्हंजे माझ्या दारात चहा प्यायलात तवा ठाऊक होतं."

"मी कार्यालयाला लिहिलं. चार पानं. त्यामुळेच तर नोटीस..."

"कुनाला आली नोटीस?"

नोटीस खातेदाराला जाते. वाडीत एकाच्याही नावावर खातं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं त्यानं स्वतःच्या हातानं अशा नोटिसा वाटल्या होत्या, आणि वाडीचं वळण दर वेळी सोडून दिलं होतं, कारण तिथं द्यायची नसायचीच.

"आमी चार दिवस वाहतोय," सोमी म्हणाली. "इचारलं मी ताईला, चांगला बांध का मोडता? म्हणाली, मुंग्या लागल्यात. कागदाला सांगितलंत, साहेब. मी समोर बसले होते. मला सांगायचं होतंत. बावीस घरं बांधावर झोपली असती."

वनितानं मान फिरवली.

वरच्या कुणग्यात कोपऱ्याला बांधाचा चार हात तुकडा अजून उभा होता. विश्राम तिकडं गेला, गुडघ्यावर बसला आणि नळी घातली. कुणी अडवलं नाही. फावडेवाले फावड्यावर हनुवटी टेकून बघत राहिले. यंत्र हुंगत राहिलं. नवीन मंजुरीमुळे यावेळी पिवळी पट्टी आली नाही. थर स्वच्छ होते, न हललेले. पडद्यावर एकामागून एक रेषा उमटल्या.

सोमी त्याच्या खांद्यामागं येऊन उभी राहिली. "काय म्हणतंय?"

"तुमच्या आजीची आजी आहे. तिच्याबरोबर आणखी चौघी."

"सगळ्या बायाच?"

"हो."

"कंद सोलायला बायाच बसायच्या चुलीपाशी," सोमी म्हणाली. तिनं वाकून बांधाच्या कापलेल्या बाजूवर बोट फिरवलं. काळी रेघ होती ती, राखेची. "ह्ये पुरंल?"

"तीन शेतांतले लागतात."

तिनं उतारावरून नजर फिरवली. शोधण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, तरी तिनं एकेका कुणग्याची जागा पाहिली, अकराच्या अकरा.

"हे एक लिहून ठेवतो मी," विश्राम म्हणाला. "कधीतरी कुणी..."

"लिवा. तुमाला येतं ते."

मागच्या बाया तिच्या तोंडाकडं बघत होत्या. घरी जायचं की काय, ते तिनं ठरवायचं होतं. ऊन चढलं होतं आणि अर्ध्या दिवसाची मजुरी अजून बाकी होती. सोमीनं डोक्यावरची चुंबळ नीट बसवली, घमेलं त्या चार हात तुकड्याच्या बुडाशी ठेवलं आणि फावडेवाल्याला म्हणाली, "चल रं, मार फावडं. साहेबांची नळी तेवढी सांभाळून."